ऑफर-पत्राच्या तळाशी ‘बाकी’ कमी दिसली म्हणून कॉलेज स्वस्त होत नाही

प्रश्न थोडक्यात असा. डॅलसजवळ राहणारं मराठी ख्रिस्ती कुटुंब, मूळचं अहिल्यानगरचं. मुलीचा जन्म अमेरिकेतला, येत्या ऑगस्टपासून तिला नर्सिंगच्या पदवीला जायचंय. हातात तीन ऑफर-पत्रं आहेत: टेक्सासमधलं एक मोठं, नावाजलेलं ख्रिस्ती विद्यापीठ, शेजारच्या राज्यातलं एक लहान ख्रिस्ती कॉलेज आणि घरापासून गाडीने पाऊण तासावरचं सरकारी विद्यापीठ. पत्रांच्या तळाशी ‘तुम्ही भरायची बाकी’ म्हणून अनुक्रमे ४६,०००, ३,५०० आणि २६,५०० डॉलर लिहिलेत. वडिलांचा कल अर्थातच लहान कॉलेजकडे. ते विचारतात, “खासगी ख्रिस्ती कॉलेज सरकारीपेक्षा इतकं स्वस्त कसं काय? यात काही गोम आहे का?”

गोम आहे, आणि ती पत्रांच्या मांडणीत आहे. ख्रिस्ती की सरकारी हा प्रश्न त्यानंतरचा. तेव्हा आधी तिन्ही पत्रं एकाच मापाने मोजून घेऊ. तुमची जमा, घराचं कर्ज, धाकट्या मुलाचं शिक्षण यांवर शेवटचा निर्णय अवलंबून राहील आणि त्यातलं तुम्ही काही लिहिलेलं नाही, म्हणून ‘हे घ्या’ असं मी सांगणार नाही. हिशेब कसा करायचा ते मात्र आकड्यांनिशी सांगतो.

मोठ्या विद्यापीठाचा वर्षाचा एकूण खर्च ८०,००० आहे. ट्यूशन (कॉलेजात शिकवण्याचे पैसे) आणि फी ६२,०००, राहणं-जेवण १४,५००, पुस्तकं-प्रवास-वरखर्च ३,५००. त्यातून स्कॉलरशिप २६,०००, मुलीच्या नावाचं फेडरल (केंद्र सरकारचं) लोन ५,५०० आणि वर्क-स्टडी २,५०० वजा करून त्यांनी ४६,००० बाकी दाखवली. लहान कॉलेजचा खर्च ४८,०००, त्यातली ट्यूशन-फी ३३,०००. स्कॉलरशिप १९,०००, मुलीचं लोन ५,५०० आणि पुढच्या ओळीत ‘पेरेंट प्लस’ २०,०००. ही ओळ पुन्हा वाचा. ते तुमच्या नावावरचं कर्ज आहे. तुम्ही अर्ज केलेला नाही, ते मंजूरही झालेलं नाही, तरी कॉलेजने ते ‘मदत’ म्हणून वजा करून टाकलंय. सरकारी विद्यापीठाचा खर्च ३२,०००, स्कॉलरशिप शून्य, मुलीचं लोन ५,५००, बाकी २६,५००.

खरी किंमत काढायची तर खर्चातून फक्त परत न करावे लागणारे पैसे वजा करायचे, म्हणजे ग्रांट आणि स्कॉलरशिप. लोन वजा करायचं नाही, कारण ते तुम्हीच देणार आहात, उशिरा आणि व्याजासकट. वर्क-स्टडीही नाही. ती फक्त कॅम्पसवर काम शोधण्याची परवानगी असते. काम मिळालं तर पगार दर पंधरवड्याला मुलीच्या खात्यात येतो, ऑगस्टच्या बिलातून तो कापला जात नाही. या मापाने मोठं विद्यापीठ ५४,०००, लहान कॉलेज २९,००० आणि सरकारी ३२,००० वर येतं. साडेतीन हजारांचे एकोणतीस हजार झाले.

आणखी एक. सरकारी विद्यापीठाच्या ३२,००० मध्ये डॉर्म (वसतिगृह) आणि मील प्लॅनचे १३,००० धरलेले आहेत. मुलगी घरून जाणार असेल तर त्या जागी पेट्रोल, पार्किंग, गाडीचा वाढीव विमा आणि बाहेरचं जेवण मिळून चारेक हजार धरा. मग ते २३,००० वर येतं आणि सगळ्यात स्वस्त ठरतं. पहिल्या वर्षी डॉर्ममध्ये राहण्याची सक्ती आहे का, ते आधी विचारून घ्या. लहान ख्रिस्ती कॉलेजांत तर ही सक्ती पुष्कळदा दोन-तीन वर्षांची असते आणि आईवडील ठरावीक मैलांच्या आत राहत असतील तरच सूट मिळते. ‘वरखर्चा’चा आकडाही प्रत्येक कॉलेज आपल्या अंदाजाने टाकतं. तो खोडून तुमचा लिहा. विद्यापीठाचा आरोग्य विमा बिलात आपोआप लागला असेल आणि तुमच्या नोकरीच्या विम्यात मुलगी असेल, तर मुदतीत माफीचा अर्ज भरा. मुदत चुकली की ती रक्कम सहसा परत मिळत नाही.

आता ‘ख्रिस्ती कॉलेज इतकं महाग किंवा इतकं स्वस्त का’ याकडे येऊ. आपल्याकडे मिशनचं कॉलेज म्हटलं की मुंबईचं विल्सन किंवा नगरचं अहमदनगर कॉलेज डोळ्यांपुढे येतं. संस्था ख्रिस्ती, पण अनुदानित तुकड्यांच्या प्राध्यापकांचे पगार सरकार देतं, म्हणून फी आटोक्यात. अमेरिकेत तसं अनुदान नाही. विद्यार्थ्याच्या हातातून फेडरल आणि राज्याची मदत येते, पण कॉलेजचं रोजचं गाडं फी, देणग्या आणि ठेवींच्या उत्पन्नावर चालतं. ठेवी भरपूर असलेली ख्रिस्ती विद्यापीठं मोजकीच. बाकीच्यांचा सगळा भार फीवर. म्हणून किमतीचा अंदाज ‘ख्रिस्ती’ या पाटीवरून लागत नाही, पैसा कुठून येतो त्यावरून लागतो.

काही नमुने पाहा. युटाचं ब्रिगम यंग विद्यापीठ मॉर्मन चर्चच्या पैशावर चालतं. छापील ट्यूशनच कमी, चर्चच्या सभासदांपेक्षा इतरांना दुप्पट, आणि तरीही बहुतेक खासगी विद्यापीठांपेक्षा स्वस्त. ॲरिझोनाच्या ग्रँड कॅनियन विद्यापीठाने कॅम्पसची ट्यूशन २००९पासून १६,५०० डॉलरच ठेवली आहे. तिथे हिशेब विद्यार्थ्यांच्या मोठ्या संख्येचा आणि ऑनलाइन वर्गांचा आहे. मिझुरीचं कॉलेज ऑफ द ओझार्क्स ट्यूशन घेतच नाही. बदल्यात विद्यार्थ्याने आठवड्याला १५ तास कॅम्पसवर काम करायचं, शिवाय ४०-४० तासांचे दोन पूर्ण आठवडे. केंटकीचं बेरिया कॉलेज, स्थापना १८५५, तेही ट्यूशन घेत नाही आणि काम करायला लावतं, पण प्रवेश मुख्यतः कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांना. इंडियानाच्या नोत्र दाम या कॅथलिक विद्यापीठाची छापील किंमत भयंकर, पण ठेवी प्रचंड. त्यामुळे कुटुंबाची ऐपत मोजून उरलेली सगळी गरज ते भागवतात. २०२४मध्ये त्यांनी ही मदत कर्जाविना देण्याचं आणि परदेशी विद्यार्थ्यांचे अर्जही ऐपत न बघता तपासण्याचं जाहीर केलं.

उरलेली बहुसंख्य ख्रिस्ती कॉलेजं एकाच पद्धतीने चालतात: किंमत चढी छापायची आणि जवळपास प्रत्येकाला ‘स्कॉलरशिप’ द्यायची. दुकानातल्या एमआरपीसारखा प्रकार. अमेरिकेतल्या खासगी ना-नफा कॉलेजांत पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मिळणारी सरासरी सवलत ट्यूशन-फीच्या ५५ टक्क्यांच्या आसपास पोहोचली आहे. तुमच्या लहान कॉलेजने ३३,००० वर १९,००० दिले, म्हणजे ५८ टक्के. पत्रात ‘प्रेसिडेन्ट्स स्कॉलरशिप’ असं भारदस्त नाव असलं, तरी ही साधारण सगळ्यांना मिळणारी सवलत आहे. मुलीचं कौतुक जरूर करा, पण तेवढ्यावरून ‘त्यांना आपली मुलगी खास हवीय’ असा अर्थ काढू नका. मॅसॅच्युसेट्सच्या गॉर्डन कॉलेजने २०२१मध्ये हा खेळ सोडून छापील ट्यूशनच एक-तृतीयांश कमी केली. अशा ठिकाणी सवलतीचा आकडा छोटा दिसतो आणि पालक बिचकतात, पण खरी किंमत जवळपास तीच राहते.

तुमच्यासारखी कुटुंबं प्रत्यक्षात किती भरतात, हे बघायची सोय आहे. फेडरल सरकारच्या ‘कॉलेज नेव्हिगेटर’वर कॉलेजचं नाव टाका आणि ‘नेट प्राइस’ उघडा. तिथे उत्पन्नाच्या पाच पायऱ्या असतात, सगळ्यात वरची १,१०,००० डॉलरच्या पुढची. तुमच्या पायरीवरची सरासरी २५,००० असेल आणि तुम्हाला २९,००० सांगितले असतील, तर बोलणी करायला जागा आहे. आकडे दोनेक वर्षं जुने असतात, तेवढी वाढ मनात धरा.

आता चार वर्षांचं गणित, कारण एका वर्षाच्या आकड्याला चारने गुणणं ही सगळ्यात महाग पडणारी चूक. स्कॉलरशिप डॉलरमध्ये ठरलेली असते, टक्क्यांत नव्हे. फी वाढते, ती वाढत नाही. लहान कॉलेजचा एकूण खर्च दर वर्षी ४ टक्के वाढला, तर चौथ्या वर्षी ४८,००० चे साधारण ५४,००० होतात. स्कॉलरशिप १९,००० वरच. म्हणजे तुमचा वाटा २९,००० वरून ३५,००० वर गेला. फी १२ टक्के वाढली, पण तुमच्या खिशावरचा भार २० टक्के वाढला. चार वर्षांची बेरीज १ लाख १६ हजार वाटत होती, ती १ लाख २८ हजारांच्या घरात जाते. मोठ्या विद्यापीठाची याच हिशेबाने २ लाख ३६ हजार. सरकारीची डॉर्ममध्ये राहून १ लाख ३६ हजार. टेक्सासच्या सरकारी विद्यापीठांना ठरावीक ट्यूशनचा पर्याय द्यावाच लागतो. तो घेतला तर पहिल्या वर्षीचा दर चार वर्षं टिकतो. सुरुवातीला थोडा जास्त असतो, तेव्हा दोन्ही बेरजा मांडून बघा.

स्कॉलरशिप चारही वर्षं टिकेल हेसुद्धा गृहीत धरू नका. पत्राच्या मागच्या पानावर किंवा पोर्टलवर अटी असतात. किती जीपीए (चारपैकी सरासरी गुण) लागतो? ३.० आणि ३.२५ यांत नर्सिंगच्या मुलीसाठी मोठा फरक आहे, कारण पहिल्या वर्षीच ॲनाटॉमी, केमिस्ट्री आणि मायक्रोबायॉलॉजी एकत्र येतात आणि शाळेत कायम ‘ए’ मिळवणाऱ्या मुलांनाही तिथे ‘बी-मायनस’ दिसतो. जीपीए एकदा घसरला तर सुधारायला वर्षभराची मुदत मिळते की स्कॉलरशिप लगेच जाते? गेलेली परत मिळते का? सेमिस्टरला किमान १२ क्रेडिट पुरतात की १५ लागतात? स्कॉलरशिप आठ सेमिस्टरचीच आहे का, आणि नर्सिंगच्या आराखड्यात उन्हाळी सत्र असेल तर त्याचं बिल कोण भरणार? आणखी एक नेमका प्रश्न फायनान्शियल एड ऑफिसला ईमेलने विचारा: ही स्कॉलरशिप घेतलेल्या पहिल्या वर्षाच्या मुलांपैकी किती टक्के मुलांकडे ती तिसऱ्या वर्षी शिल्लक असते? ज्यांचा आकडा चांगला असतो ते लगेच देतात. गोलमोल उत्तर आलं तर तेही उत्तरच.

चर्च-मॅचिंगबद्दलही सांगतो, कारण तुमच्या १९,००० मध्ये २,००० त्याचे आहेत. तुमच्या चर्चने पैसे पाठवले तरच कॉलेज तेवढेच घालतं. चर्चचा चेक बहुधा उन्हाळ्यातल्या ठरावीक तारखेआधी पोहोचावा लागतो आणि दर वर्षी नवा अर्ज लागतो. तुमच्या मंडळीच्या कमिटीने चार वर्षांसाठी होकार दिलाय की फक्त यंदा, हे विचारा. काही पालक चर्चला ‘आमच्या मुलीसाठी’ म्हणून देणगी देतात आणि ती करातून वजा करतात. तसं चालत नाही. स्वतःच्या मुलीच्या नावे बांधलेली रक्कम देणगी धरली जात नाही.

कर्जाकडे येऊ. मुलीच्या नावावरचं फेडरल लोन पहिल्या वर्षी ५,५००, दुसऱ्या वर्षी ६,५००, मग ७,५०० आणि ७,५००, एकूण २७,०००. दहा वर्षांत फेडायचं म्हटलं तर आजच्या व्याजदराने महिन्याला साधारण ३०५ डॉलर. नोकरी लागलेल्या नर्सला हे झेपतं. मी याला कर्जाची बाहेरची रेषा मानतो. ज्या योजनेत याहून जास्त कर्ज लागतं, तिथे ते पैसे खरं तर आईवडिलांच्या म्हातारपणातून येत असतात.

‘पेरेंट प्लस’चं तसंच आहे, आणि इथे नवा नियम तुम्हाला थेट अडवणार आहे. १ जुलै २०२६पासून पहिल्यांदा हे कर्ज घेणाऱ्या पालकांना एका मुलामागे वर्षाला जास्तीत जास्त २०,००० आणि एकूण जास्तीत जास्त ६५,००० डॉलर मिळतील. लहान कॉलेजच्या पत्राप्रमाणे दर वर्षी २०,००० घेतलेत, तर तीन वर्षांत ६०,००० संपले. चौथ्या वर्षी उरले फक्त ५,०००, आणि नेमकं त्याच वर्षी बिल सगळ्यात मोठं. शेवटच्या वर्षी पैसे कमी पडले की लोक महागडं खासगी कर्ज काढतात किंवा मुलीला एक सेमिस्टर घरी बसवतात. नर्सिंगमध्ये क्लिनिकलची, म्हणजे हॉस्पिटलमधल्या प्रत्यक्ष कामाची, साखळी तुटली की पुढची तुकडी येईपर्यंत थांबावं लागतं, तेव्हा एका सेमिस्टरचं सहज वर्ष होतं. शिवाय प्लसचं व्याज सध्या ९ टक्क्यांच्या जवळ आहे आणि रक्कम हातात देतानाच ४ टक्क्यांच्या वर फी कापली जाते. पूर्ण ६५,००० दहा वर्षांत फेडायचे तर महिना सव्वाआठशे डॉलर. मुलीच्या हप्त्याच्या जवळपास पावणेतीनपट, आणि तोही तुमचा.

इथवर किंमत झाली. आता तिच्या बदल्यात काय मिळतं ते बघू. नर्सिंगचं एक बरं आहे: परवाना एकच. कुठल्याही मान्यताप्राप्त कॉलेजातून बाहेर पडा, एनक्लेक्स-आरएन ही एकच परीक्षा. टेक्सास आणि त्याच्या सीमेवरची चारही राज्यं परस्परांचे परवाने मानणाऱ्या करारात आहेत, त्यामुळे शेजारच्या राज्यात शिकून डॅलसमध्ये नोकरी करायला अडचण नाही. हॉस्पिटलं नवख्या नर्सचा पगार ठरावीक श्रेणीत देतात, डिग्रीवरचं विद्यापीठाचं नाव बघून तो वाढवत नाहीत. म्हणून फक्त नावासाठी मोठ्या विद्यापीठाला एक लाख डॉलर जास्त देणं मला नर्सिंगपुरतं पटत नाही. हाच प्रश्न फायनान्सचा किंवा लॉ-स्कूलला जाणाऱ्या मुलीचा असता, तर कॅम्पसवर कोणत्या कंपन्या येतात आणि माजी विद्यार्थी कुठे बसलेत यांना वजन आलं असतं आणि माझं उत्तर इतकं सरळ नसतं.

नर्सिंगमध्ये खरी किंमत तीन गोष्टींना आहे. पहिली आणि सगळ्यात मोठी: प्रवेश थेट नर्सिंगला आहे की ‘प्री-नर्सिंग’ला? प्री-नर्सिंग असेल तर दोन वर्षं सामान्य विषय करून पुन्हा अर्ज करायचा आणि तिथे चुरस असते. सरकारी विद्यापीठात हा धोका जास्त. चांगल्या मार्कांची मुलंही पहिल्या फेरीत बाहेर राहतात आणि मग एक वर्ष वाया जातं किंवा शाखा बदलते. त्या एका वर्षाची किंमत पस्तीसेक हजार, वर नर्सचा एक वर्षाचा पगार गेला तो वेगळा. लहान कॉलेजने थेट प्रवेश लेखी दिला असेल, तर त्यासाठी चार पैसे जास्त देणं वेडेपणा नाही. तुमच्या पत्रांत याचा उल्लेख नाही. ही माहिती मिळेपर्यंत बाकीचा हिशेब अर्धा आहे असं समजा.

दुसरी: एनक्लेक्समध्ये पहिल्याच प्रयत्नात किती मुलं पास होतात. प्रत्येक राज्याचं नर्सिंग बोर्ड कॉलेजवार टक्केवारी प्रसिद्ध करतं. टेक्सास बोर्डाची अपेक्षा किमान ८० टक्क्यांची आहे. एका वर्षाच्या आकड्यावर जाऊ नका. वीस मुलांच्या तुकडीत एक मुलगा नापास झाला की पाच टक्के खाली येतात. पाच वर्षांचे आकडे बघा, आणि त्यासोबत हेही विचारा की सुरू केलेल्यांपैकी परीक्षेपर्यंत किती पोहोचले. कच्च्या मुलांना शेवटच्या वर्षी गाळून टक्केवारी चकचकीत ठेवणारी कॉलेजं आहेत.

तिसरी: पदवी चार वर्षांत होते का. कॉलेज नेव्हिगेटरवर ठळक दिसणारा ‘ग्रॅज्युएशन रेट’ सहा वर्षांचा असतो. खाली जाऊन चार वर्षांचा शोधा. साधारणपणे खासगी कॉलेजांचा चांगला असतो, कारण वर्ग लहान आणि सल्लागार मागे लागतात, पण ‘साधारणपणे’वर पैसे लावू नका. नर्सिंगला सीसीएनई किंवा एसीईएनची मान्यता आहे का तेही पाहा. आणि कॉलेजची एकूण मान्यता कोणाची? एसएसीएसीओसी किंवा एचएलसीसारख्या संस्थेची असेल तर क्रेडिट दुसरीकडे नेता येतात. फक्त टीआरएसीएस किंवा एबीएचई या ख्रिस्ती संस्थांच्या मान्यतेवर चालणारी काही कॉलेजं प्रामाणिक असतात, पण सरकारी विद्यापीठं तिथली क्रेडिट घ्यायला खळखळ करतात.

मुलीकडे २७ क्रेडिट ड्युअल-क्रेडिटची (शाळेत असतानाच मिळवलेली कॉलेजची) आहेत असं तुम्ही लिहिलंय. टेक्सासच्या सरकारी विद्यापीठात सामान्य विषयांची ती सहसा सरळ बसतात. खासगी कॉलेजवर तसं बंधन नाही. लेखी मूल्यमापन मागा. मात्र सगळी बसली तरी दोन सेमिस्टर वाचतील असं धरू नका. क्लिनिकलचा क्रम ठरलेला असतो, त्यामुळे बहुधा ओझं हलकं होतं, कालावधी कमी होत नाही.

आता लहान कॉलेजबद्दलची माझी खरी काळजी. ते २०३०मध्ये असेल का? न्यूयॉर्कचं द किंग्ज कॉलेज २०२३मध्ये वर्ग थांबवून बसलं. त्याच वर्षी तिथलंच अलायन्स विद्यापीठ बंद झालं. अलाबामाचं मेथॉडिस्ट परंपरेचं बर्मिंगहॅम-सदर्न मे २०२४मध्ये बंद झालं. कारणं सारखीच: विद्यार्थी कमी झाले, सवलत वाढवावी लागली, ठेवी तुटपुंज्या, इमारतींचं कर्ज. फेडरल शिक्षण विभाग खासगी कॉलेजांच्या आर्थिक तब्येतीला उणे १ ते ३ असे गुण देतो. १.५ किंवा वर म्हणजे ठीक, १ ते १.५ म्हणजे देखरेखीखाली, त्याखाली नापास. हा आकडा शोधा. जोडीला कॉलेजचा ‘फॉर्म ९९०’ (करखात्याला द्यायचा वार्षिक हिशेब) तीन वर्षांचा उघडा, तो सार्वजनिक असतो, आणि खर्च उत्पन्नापेक्षा सलग जास्त आहे का ते पाहा. विद्यार्थीसंख्या पाच वर्षांत पाचव्या हिश्शाने घटली असेल आणि तरी नवं क्रीडा-संकुल उभं राहत असेल, तर मला धडकी भरते. कॉलेज बंद पडलं तर फेडरल लोन माफ होऊ शकतं. रोख भरलेले पैसे मात्र बुडतात, आणि दुसऱ्या कॉलेजने ठरवून दिलेल्या सोयीतून पदवी पुरी केली तर लोनमाफीही मिळत नाही.

राहिला श्रद्धेचा भाग, जो तुम्ही प्रश्नात एका ओळीत उरकलात: “मुलगी चांगल्या ख्रिस्ती वातावरणात राहील.” त्याची किंमत डॉलरमध्ये ठरवणारा मी कोण? पण तुम्ही काय विकत घेताय हे तरी स्पष्ट असू द्या, कारण ‘ख्रिस्ती’ कॉलेजांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. टेक्सासच्या बेलर विद्यापीठात सगळ्या धर्मांची मुलं असतात. धर्माचे दोन कोर्स आणि दोन सेमिस्टर चॅपल (कॅम्पसवरची उपासना), एवढीच सक्ती. इलिनॉयच्या व्हीटनमध्ये विद्यार्थ्याला वर्तनाच्या करारावर सही करावी लागते. ओहायोच्या सीडरव्हिलमध्ये शाखा कोणतीही असो, बायबलचा मायनर (जोडविषय) प्रत्येकाला करावाच लागतो. पंधरा क्रेडिटचा मायनर म्हणजे एका सेमिस्टरचा अभ्यास. तुमच्या लहान कॉलेजच्या दराने साडेचौदा हजार डॉलर. मुलीला तो अभ्यास मनापासून हवा असेल तर पैसे वसूल. तिला नको असेल, तर नर्सिंगच्या आधीच गच्च वेळापत्रकात तो बोजा होतो, आणि कॉलेज बदलायची वेळ आली तर ती क्रेडिट नर्सिंगच्या पदवीत कुठेच बसत नाहीत. विद्यार्थी-नियमावली तिला स्वतः वाचू द्या. चॅपल किती वेळा, चुकलं तर दंड की नोंद, डॉर्मला रात्री किती वाजता परतायचं, कोणत्या कारणावरून काढून टाकतात. पहिल्या वर्षानंतर कॉलेज सोडणाऱ्या मुलांत नियमांना कंटाळलेली मुलं असतात, आणि सोडून जाणं हा सगळ्यात महागडा पर्याय. सरकारी विद्यापीठाच्या आसपासही विद्यार्थ्यांची ख्रिस्ती मंडळं असतात. घरून गेली तर रविवारचं तुमचं मराठी चर्चही सुटत नाही. हा पर्याय तुलनेत धरायचा राहून जातो.

आता बोलणी. लहान कॉलेजला ईमेल लिहा, फोन नको. तीन गोष्टी थोडक्यात: आमची पहिली पसंती तुम्ही आहात, सरकारी विद्यापीठात घरून जाऊन २३,००० खर्च येतोय, सोबत त्यांचं पत्र, आम्ही चार वर्षांत एकूण इतके देऊ शकतो. ‘अजून काही मिळेल का’ असं मोघम विचारलं तर हजारभर डॉलर वाढतात. नेमका आकडा टाकला तर त्यांना वरिष्ठांकडे नेता येतो. नोकरी गेली असेल, मोठा वैद्यकीय खर्च झाला असेल, भारतात आईवडिलांना नियमित पैसे पाठवत असाल तर कागदांसह तेही कळवा. पहिल्या दोन कारणांसाठी एड ऑफिसला फाफ्साच्या (फेडरल मदतीच्या अर्जाच्या) आकड्यांत बदल करायचा अधिकार असतो. तिसऱ्यासाठी कॉलेज स्वतःच्या पैशातून काही देतं का बघायचं. मोठ्या विद्यापीठाकडे ५४,००० चे ३०,००० होणार नाहीत. तिथे शक्ती घालवू नका. त्यांच्या पत्रात टीईजी ही टेक्सासची ग्रांट का दिसत नाही, एवढं मात्र विचारा. ती राज्यातल्या खासगी ना-नफा कॉलेजांत शिकणाऱ्या, गरज असलेल्या टेक्सासच्या रहिवाशांसाठी असते. शेजारच्या राज्यात गेलात तर तिचा प्रश्नच नाही.

वाचणाऱ्यांत एच-४ वर (एच-१बीवाल्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावर) असलेल्या मुलांचे पालकही असतील. त्यांच्यासाठी हे गणित वेगळं आहे. फेडरल लोन, पेल ही फेडरल ग्रांट, वर्क-स्टडी काहीच नाही, आणि एच-४ वर कॅम्पसवर पगारी कामही करता येत नाही. कॉलेजची स्वतःची मेरिट स्कॉलरशिप मात्र बहुतेक खासगी कॉलेजं व्हिसा न बघता देतात, तेव्हा त्यांच्यापुरती खासगी ख्रिस्ती कॉलेजं विचारात घेण्याजोगी ठरतात. मुलगी पदवीच्या मध्येच २१ वर्षांची होणार असेल तर एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) करावं लागेल. त्यानंतर स्कॉलरशिप आणि सरकारी विद्यापीठाचा राज्यांतर्गत दर तसाच राहतो का, हे प्रवेशाआधी लेखी घ्या. आणि नर्सिंग स्टेमच्या (विज्ञान-तंत्रज्ञान विषयांच्या) यादीत नाही, त्यामुळे पदवीनंतर ओपीटी, म्हणजे एफ-१ वर काम करायची परवानगी, एकच वर्ष.

तुम्ही या आठवड्यात तीन ईमेल पाठवा: तिघांनाही थेट नर्सिंग प्रवेशाबद्दल, दोन्ही ख्रिस्ती कॉलेजांना स्कॉलरशिप टिकण्याच्या टक्केवारीबद्दल आणि ड्युअल-क्रेडिटच्या मूल्यमापनाबद्दल. उत्तरं येईपर्यंत डिपॉझिट भरू नका. मुदत बहुतेक ठिकाणी १ मे असते, आणि भरलेलं डिपॉझिट त्यानंतर परत मिळत नाही. लहान कॉलेजने थेट प्रवेश लेखी दिला, त्याच्या आर्थिक तब्येतीचे गुण १.५ च्या वर निघाले आणि खरी किंमत २५,००० च्या आसपास आणली, तर ‘पेरेंट प्लस’ला हात न लावता जमतंय का एवढंच बघायचं राहील. थेट प्रवेश सरकारी विद्यापीठच देत असेल, तर मात्र दर वर्षीच्या सहा हजारांच्या फरकाला तुमच्या घरात कोणतं कारण आहे, ते मुलीला समोर बसवून विचारा.